९९७ करेरा एसला कंपनीचंच एक्स-५१ पॉवर किट आता बसवावं का? (बेळगाव)

घाटातला_घोडा

मंडळी, नमस्कार. दोन वर्षं नुसताच वाचतोय, आज पहिला धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी पोर्शे ९११ करेरा एस, ९९७ मालिकेतली, २००७ ची, मॅन्युअल. गेल्या वर्षी पुण्याहून आणली. एनओसी, कर्नाटकाचा रोड टॅक्स, केए-२२ नंबर सगळं झालं, आता घरची झाली. इंजिन ३.८ लिटर, ३५५ पीएस (म्हणजे घोडे), ४०० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे ओढ).

याच गाडीला पोर्शे त्या काळी एक्स-५१ नावाचं पॉवर किट देत होती. ते घेतलं की ३८१ पीएस आणि ४१५ न्यूटन-मीटर. म्हणजे २६ पीएस जादा, आणि बाहेरचा जुगाड नाही, कंपनीचाच माल. माझ्या गाडीला ते नाही. नंतर बसवता येतं असं वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

परदेशातल्या एका सुट्या भागांच्या दुकानदाराकडून कोटेशन मागवलं. नुसत्या भागांचे तेरा लाख. जहाजभाडं, कस्टम, जीएसटी, मजुरी आणि गाडी ट्रेलरवरून मोठ्या शहरात नेण्या-आणण्याचा खर्च धरून वीसच्या आसपास जातंय. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

कुणी केलंय का? करावं का?

निपाणी_नाका

वीस लाख भागिले सव्वीस. एका घोड्याला सत्त्याहत्तर हजार पडले. अण्णा, चिंचलीला मायाक्काच्या जत्रेत जा, तेवढ्यात चांगला खिल्लार खोंड येईल, आणि तो शेतातही चालेल.

थट्टा सोड. गाडीचा फोटो टाक की आधी.

संकेश्वरकर_आरएस

वीस लाख कशाला? रीमॅप कर. लॅपटॉप जोडून इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलायचं, तासाभरात काम. माझ्या ऑक्टाव्हिया आरएसला मी तेच केलं.

उद्यमबाग_लेथ

संकेश्वरकर, तुमची गाडी टर्बोची. टर्बोला सॉफ्टवेअरनं सांगितलं की जरा जास्त फुंक, तर ती फुंकते. सिलिंडरात हवा वाढली, पेट्रोल वाढवलं, ताकद आली. या ९११ ला टर्बो नाही. ती स्वतःच्या छातीनं श्वास घेते. तिला कितीही सांगा, नाकपुडी जेवढी तेवढीच हवा आत जाणार. नुसत्या रीमॅपनं आठ-दहा पीएस आले तर आले. त्याहून जास्त हवे असतील तर नाकपुडी मोठी करावी लागते, म्हणजे धातूचं काम आलं.

एक्स-५१ मध्ये तेच आहे. घाटातला_घोडा, तुम्ही किट किट म्हणताय, पण ते खोक्यातून काढून बसवण्याजोगं किट नाही. त्यात दोन्ही बाजूंची सिलिंडर हेड वेगळी, इनटेकचे पोर्ट, म्हणजे हवा आत जायच्या वाटा, सुधारलेले. इनटेक मॅनिफोल्ड वेगळा, त्यात व्हॅक्यूमवर उघडझाप करणारे पडदे, म्हणजे आरपीएमप्रमाणे हवेच्या वाटेची लांबी बदलते. एक्झॉस्टचे हेडर वेगळे. पुढच्या बंपरमागे मधोमध एक जादा रेडिएटर. आणि या सगळ्याला जुळणारा ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, नकाशा.

हेड बदलायची म्हणजे इंजिन खाली उतरवणं आलंच. या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, आडवं पसरलेलं. तीन सिलिंडर डावीकडे, तीन उजवीकडे. गाडी वर घेऊन इंजिन खालून काढायचं. मग चेन, कॅमशाफ्ट, टायमिंग लॉक करायची हत्यारं. हेडचे बोल्ट एकदा ताणले की गेले, प्रत्येक वेळी नवे. गॅस्केट, सील, ओ-रिंग हे कोटेशनमध्ये धरलंय का बघा. बहुतेक नसेल.

घाटातला_घोडा

काका, नाही धरलेलं. आत्ताच पाहिलं. "फिटिंग किट स्वतंत्र" अशी एक बारीक ओळ आहे खाली.

काका, एक विचारू? तीच हेड उद्यमबागेत पोर्ट करून मिळतील का? आपल्याकडे एवढ्या फौंड्र्या, एवढी सीएनसी मशीन. हत्तरगीला तर विमानाचे भाग बनतात.

उद्यमबाग_लेथ

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतो. बुलेटवाले जास्त.

पोर्ट घासून मोठा करणं सोपं. माझ्याकडचं पोरगंही हातातल्या ग्राइंडरनं करेल. अवघड आहे ते सहाच्या सहा पोर्टांत हवा सारखी वाहते का हे मोजणं. त्याला फ्लो बेंच लागतो. वर्कशॉपात माझ्याकडे तो नाही आणि ज्यांच्याकडे आहे ते तुमचं एक हेड घेऊन बसणार नाहीत. पोर्ट जास्त मोठा केला तर हवेचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला गाडी मेंगळट होते. कंपनीनं तो आकार काढायला टेस्ट बेंचवर कैक इंजिनं पळवली असतील. ते आकडे तिच्या कपाटात आहेत.

शिवाय ॲल्युमिनियमचं हेड. एका जागी भिंत पातळ झाली आणि पाण्याच्या वाटेला भोक पडलं, तर ते हेड पेपरवेट म्हणून ठेवा. व्हॉल्व्ह सीट कापून देतो, हेडचा पृष्ठभाग सपाट करून देतो, गाइड बदलून देतो. ते आमचं रोजचं काम. एक्स-५१ मात्र माझ्याकडून होणार नाही. पैसे घेऊन वाईट काम करण्यापेक्षा नाही म्हटलेलं बरं.

संकेश्वरकर_आरएस

रीमॅपचं मी वर बोललो, तर आता पुढची गोष्टही सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

एका मोठ्या शहरातल्या ट्यूनरनं काम केलं. तिथे त्यानं टाकीत ९५ ऑक्टेन भरून रीडिंग दाखवलं, मी खूश. परत येताना रात्री हुक्केरीच्या अलीकडे टाकी रिकामी झाली, जो पंप दिसला तिथे साधं ९१ भरलं. सकाळी चढावर तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल भलत्या वेळी पेटत होतं. मला वाटलं बॉनेटमध्ये काही राहिलंय, थांबून उघडून पाहिलं. काही नाही. तसाच घरापर्यंत आलो. दोन महिन्यांनी एका पिस्टनची रिंगलँड, म्हणजे रिंगा धरून ठेवणारी कडा, तुटली. इंजिन उघडलं. किती गेले ते लिहीत नाही, आमचे बाबा हा धागा वाचतात.

ट्यूनरला फोन केला तर म्हणाला, "तुम्ही पेट्रोल कुठलं भरलं?" त्याचंही चूक नव्हतं म्हणा.

तात्पर्य वगैरे काही नाही. पण नकाशा कुठल्या पेट्रोलवर बेतलाय ते विचारा.

घाटातला_घोडा

अरे बापरे. माझ्या गाडीच्या पुस्तकात ९८ ऑक्टेन लिहिलंय. ९५ चालतं, पण नॉक सेन्सर इग्निशन मागे ओढतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि ताकद घटते. मी हमरस्त्यावरच्या एका पंपावरून ९५ भरतो.

निपाणी_नाका

म्हणजे ९८ वर बेतलेले ३८१ घोडे तुला ९५ वर मिळणारच नाहीत, पूर्ण पैसे देऊन. आणि आता सगळीकडे ई-२०. २००७ ची रबरी नळ्या-सीलांची गाडी, तिचं पोट कसं राहतं ते पण बघत जा.

एक मात्र बरंय, पेट्रोल आपल्याकडे स्वस्त. कोल्हापूरचे लोक कोगनोळीच्या अलीकडे येऊन टाक्या फुल्ल करून जातात. तुझ्या गाडीला तेवढीच सीमाभागाची सवलत.

हिंडलगा_मास्तर

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. गाडी माझी ॲक्टिव्हा, त्यामुळे अधिकार शून्य. पण एक हिशेब मांडतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, साधारण ७६० मीटर. या उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या मानानं सात टक्क्यांनी कमी. लेथवाल्या काकांनी सांगितलं तसं बिनटर्बो इंजिन जेवढी हवा ओढेल तेवढीच ताकद. तेव्हा ३५५ चे सात टक्के, म्हणजे सुमारे २५ पीएस, तुमच्या टिळकवाडीतल्या घराबाहेर गाडी काढतानाच उडालेले असतात. उरले ३३०.

आता एक्स-५१ बसवा. ३८१ चे सात टक्के, सुमारे २७. उरले ३५४.

म्हणजे वीस लाख खर्चून बेळगावात तुम्हाला तेवढीच ताकद मिळणार, जेवढी तुमच्या आताच्या गाडीत पणजीच्या मांडवी पुलावर आपोआप येते. पणजीला जायला पेट्रोल किती लागतं ते तुम्ही सांगा.

(टर्बो गाडीत हा तोटा बराच कमी, कारण कॉम्प्रेसर विरळ हवा पुन्हा दाबतो.)

निपाणी_नाका

मास्तर!!! पायाचा फोटो टाका, दंडवत घालतो.

पणजी_ते_पिरनवाडी

मी दर शनिवारी पणजीहून चोर्ला घाटानं घरी पिरनवाडीला येतो. माझ्या साध्या १.२ लिटरच्या गाडीतही कणकुंबी ओलांडली की एक गियर खाली टाकावा लागतो. मी इतकी वर्षं एसीला शिव्या देत होतो. हवेचं हे आज कळलं.

घाटातला_घोडा

मास्तर, झोप उडवलीत. हिशेब तीनदा तपासला, चूक सापडत नाही.

पण मग माझा प्रश्न असा की टक्केवारी तीच राहते ना? इथे ३३० चे ३५४ म्हणजे फरक आहेच की.

उद्यमबाग_लेथ

फरक आहे, पण कुठे आहे ते बघा. साधी गाडी ३५५ देते ६६०० आरपीएमला. एक्स-५१ ची ३८१ येते ७२०० ला. जास्तीत जास्त टॉर्क साधीचा ४६०० ला, हिचा ५५०० ला. म्हणजे जादा माल सगळा वरच्या माळ्यावर. तीन-साडेतीन हजारांवर घाटात चालवताना तुम्हाला किट बसवलंय हे कळणारही नाही.

७२०० पर्यंत नेणार कुठे? दुसऱ्या गियरलाच शंभर मागे पडतात. वंटमुरी घाटात ट्रकांच्या मधून? तवंदीला? हमरस्त्याचं सहापदरीकरण चाललंय, ठिकठिकाणी डायव्हर्जन. राजहंसगडाचा चढ आहे रिकामा, पण तिथे सकाळी फिरायला आलेली म्हातारी माणसं असतात, त्यात मी पण असतो. कृपा करा.

कॅम्पातला_वकील

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

घाटातला_घोडा म्हणतील, माल कंपनीचाच आहे. युक्तिवाद वाईट नाही. पण तुमची गाडी ज्या कागदांवर भारतात नोंदली गेली त्यात ३५५ ची गाडी आहे. आरटीओसमोर तोंडी सांगून चालत नाही. कंपनीचं पत्र, मंजुरी, आरसीवर नोंद असं सगळं आधी विचारून घ्यावं. विमा कंपनीलाही लेखी कळवायला हवं. न कळवता बसवलंत आणि उद्या अपघात झाला, तर सर्व्हेअर इंजिनाकडे बघून हसत हसत क्लेम नाकारेल.

एरवीही आपली गाडी कोल्हापुरात केए बघून थांबवतात आणि इथे एमएच बघून. त्यात पिवळी ९११. लपून राहणार आहे का?

घाटातला_घोडा

पिवळी नाही हो, करडी आहे. 😀

निपाणी_नाका

मग तुला कोण थांबवतंय. पैसे वाचले.

माझं मत विचारशील तर ही गाडी वीक आणि ९९७ चीच दुसरी आवृत्ती घे, २००९ नंतरची. तिच्या करेरा एसला साधंच ३८५ पीएस. तुझ्या एक्स-५१ पेक्षा चार जास्तच. वर थेट इंजेक्शन, पूर्ण नवं इंजिन, आणि ज्या आयएमएस बेअरिंगच्या (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते तुटलं तर इंजिन गेलं) नावानं तुम्ही सगळे रात्री दचकून उठता ते त्यात नाहीच.

घाटातला_घोडा

हे मलाही सुचलं होतं. पण ही वडिलांना दाखवून घेतलेली गाडी आहे. ते आता नाहीत. ती विकणार नाही.

उद्यमबाग_लेथ

बरं केलंत सांगितलंत. मग विषय बदला. वीस लाख राहू द्यात. तुमच्या गाडीतल्या या एम९७ इंजिनाचं खरं दुखणं वेगळं आहे, ते आधी बघा. बोअर स्कोअरिंग. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर पिस्टन घासून उभे ओरखडे पडतात, बहुतेक वेळा सहा नंबरला. लक्षणं तीन: इंजिन गरम झाल्यावर बारीक टिकटिक, ऑइल पिणं, आणि एकाच बाजूच्या सायलेन्सरच्या तोंडाला जास्त काजळी.

उद्या सकाळी दोन्ही बाजूंच्या नळ्यांत बोट फिरवून बघा. एक बोट दुसऱ्यापेक्षा जास्त काळं झालं तर मला फोन करा.

घाटातला_घोडा

काका, उजवं जास्त काळं.

निपाणी_नाका

देवा.

घाटातला_घोडा

चार दिवस गायब होतो, माफ करा. सविस्तर लिहितो.

शनिवारी गाडी काकांच्या शेडमध्ये नेली. मागची दोन्ही चाकं काढली, इग्निशन कॉइल काढायला तिथूनच हात जातो. सहा कॉइल, सहा प्लग. काकांनी प्रत्येक प्लग जुन्या कॅलेंडरच्या कागदावर नंबर घालून ओळीनं मांडला. मग ऑइल काढून खालची सम्पची, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाची, प्लेट उघडली. ओरखडे बोअरच्या खालच्या भागात असतात, वरून प्लगच्या भोकातून ते हुकतात, म्हणून पिस्टन वर नेऊन खालून कॅमेरा घालायचा. कॅमेऱ्याची वायर पेन्सिलीएवढी जाड, टोकाला दिवा, चित्र मोबाइलवर.

एक नंबर, दोन, तीन, साफ. चार साफ. पाच साफ. सहा नंबरला गेल्यावर मी बाहेर जाऊन उभा राहिलो. शेजारच्या फौंड्रीत मेटल ओतणं चालू होतं, ते बघत होतो. आतून काका ओरडले, "ये रे, चहा घे."

सहा नंबरची भिंत बारीक करड्या ठिपक्यांची, एकसारखी, ओरखडा एकही नाही. हे लोकासिल, काका म्हणाले, ॲल्युमिनियमच्या सिलिंडरात सिलिकॉनचे कण. ठिपके हेच चांगलं लक्षण, ते पुसून जाऊन चकचकीत रेघा दिसल्या की रडायचं.

मग काजळी कुठून? पाच आणि सहाच्या कॉइलला तडे. केसाएवढे, नखाला लागत होते, डोळ्याला दिसत नव्हते. उष्णता आणि पावसाचं पाणी. ठिणगी कधी पूर्ण, कधी अर्धी, पेट्रोल अर्धवट जळणार, त्या बाजूला काजळी. प्लगही जुने. मागच्या मालकाच्या बिलांत प्लग बदलल्याची नोंदच नाही.

सहा कॉइल, सहा प्लग, ऑइल, फिल्टर, सम्पचं सीलंट, मजुरी. एक्स-५१ च्या कोटेशनचा विसावा हिस्साही नाही झाला. काकांनी मजुरी घेताना जे नाटक केलं ते लिहिण्यासारखं आहे, पण ते रागावतील.

उद्यमबाग_लेथ

रागावणार नाही. एक किलो कुंदा आणला होता यांनी. मधुमेह आहे मला. नातवंडांनी संपवला.

हिंडलगा_मास्तर

आता प्रयोग पूर्ण करा. खाली उतरून या.

घाटातला_घोडा

उतरलो. रविवारी पहाटे पाचला निघालो, चोर्ला मार्गे. जांबोटीपर्यंत धुकं, कणकुंबीच्या पुढे रस्त्याला खड्डे, पोट घासू नये म्हणून वीसच्या वेगानं. इतक्या हळू ९११ कुणी चालवली नसेल. साखळीला पोचल्यावर इंजिनाचा आवाजच बदलला. घसा मोकळा झाल्यासारखा. पणजीच्या पुलावर तिसऱ्या गियरला मध्यम दाब दिला आणि सीटनं पाठ ढकलली. बेळगावात अशी कधी ढकलत नाही.

मनाचे खेळ असतील. नव्या कॉइलही आहेत. पण मास्तरांचे पंचवीस घोडे भेटले असं मी मानतो.

पणजी_ते_पिरनवाडी

मी त्याच वेळी पुलावर उलट्या दिशेनं होतो! करडी गाडी, केए-२२, खिडकीतून हात बाहेर. वाटलं कुणी बेळगावचा आहे, हॉर्न दिला. तुम्ही बघितलं नाही.

घाटातला_घोडा

तो तुम्ही होता? मला वाटलं मी लेन सोडली म्हणून कुणी शिव्या देतंय.

संकेश्वरकर_आरएस

म्हणजे किट रद्द?

घाटातला_घोडा

सध्या रद्द. कोटेशन ठेवून दिलंय. पुढेमागे सहा नंबरला खरंच ओरखडा पडला, तर इंजिन उतरणार, हेड सुटणार, निम्मी मजुरी तशीही जाणार. तेव्हा मग सिलिंडरात नवे निकासिल लायनर (आतलं कडक अस्तर) टाकताना ही हेडही बसवावीत का, हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. तेव्हा वकीलसाहेबांना आधी विचारीन.

कॅम्पातला_वकील

लायनर टाकताना बोअर वाढवायचा मोह होईल. बाहेर ३.९ लिटर करून देणारे आहेत. तसं केलंत तर आरसीवरचे ३८२४ सीसी खोटे ठरतील. तेव्हा त्याच मापाचे टाका. फी नंतर सांगतो, कुंदा चालेल.

उद्यमबाग_लेथ

कुणाच्या ओळखीत एक्स-५१ चं तडा गेलेलं, फेकायला काढलेलं हेड असेल तर मला कळवा. पैसे देतो. मधोमध कापून त्या पोर्टचा आकार एकदा बघायचाय.